सहावा फटका

‘नाही, माझं लक्ष नव्हतं. मी बरीच लांब होते,’ ललिता म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला जाणवलं की हे वाक्य जुळवायला आपल्याला अजिबात वेळ लागला नाही. ते जिभेवर तयारच होतं. मांडवातला उभा पंखा मान फिरवत होता. टेबलापलीकडे गोल्फ स्पर्धेचे मुख्य पंच कर्नल रणदिवे पेन्सिल बोटांत धरून बसले होते. त्यांनी अगदी सौजन्याने विचारलं होतं, ‘मॅडम, त्या झुडपाच्या सगळ्यात जवळ तुम्हीच होतात असं कळतं. ऋतिकाने चेंडू मारायला म्हणून स्टिक फिरवली, की नुसता सराव म्हणून? तुम्हाला काय दिसलं?’ त्याआधी हेच त्यांनी ऋतिकाला विचारलं होतं, आणि ऋतिका हातमोज्याची पट्टी उघडत-लावत गप्प उभी होती. तिच्या उत्तरासाठी थांबावं की काय अशा विचारात कर्नल मध्येच ललिताकडे वळले होते. ललिता ‘नाही’ म्हणाली आणि मग ऋतिकालाही बोलता आलं. ‘प्रॅक्टिस स्विंग होता, सर. पाचच फटके झाले.’ कर्नल म्हणाले, ‘ठीक. दुसरा पुरावा नसेल तर खेळाडूचा शब्द धरायचा.’ मग ऋतिकाची सही घेऊन त्यांनी पूर्वाकडे, ललिताच्या मुलीकडे, कार्ड सरकवलं. ज्युनिअर स्पर्धेत मुलीच एकमेकींचे फटके लिहितात. ऋतिकाचं कार्ड पूर्वाकडे होतं आणि त्या होलपुढे तिने सहा लिहिलं होतं. कर्नलांनी सहावर काट मारून पाच केलं होतं. पूर्वाने सही केली. पण पेन उचलण्याआधी तिने आईकडे पाहिलं. रागाने नाही. परीक्षेत पेपर हातात पडल्यावर मुलं एखाद्या प्रश्नाकडे बघतात तसं, हा आपल्या अभ्यासक्रमात होता का, असं काहीसं.

आणि ललिताने तर सगळं पाहिलं होतं. तिथे पालकांनी कडेच्या रस्त्यानेच चालायचं, मुलांशी बोलायचं नाही, खूण करायची नाही, असा दंडक होता आणि ललिता तो इतका पाळायची की खोकला आला तरी रुमाल तोंडावर धरायची. ऋतिकाचा चेंडू उजवीकडे करवंदीच्या जाळीत गेला होता. तिसरी मुलगी पार पलीकडच्या बाजूला होती. पूर्वा थोडी मागे, आणि ललिता रस्त्याच्या वळणावर, जाळीच्या जवळजवळ समोर. ऋतिका वाकली, पाय रोवले, एकदा हिरवळीवरच्या झेंड्याकडे नजर टाकली आणि स्टिक फिरवली. स्टिक फांदीत अडकली, पानं उडाली, चेंडू जागचा हलला नाही. एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सरावासाठी फिरवलेली स्टिकही अशीच अडकेल. चेंडूला मारायच्या इराद्याने फिरवलेली प्रत्येक स्टिक हा एक फटका, लागो न लागो, असा नियम. आता इरादा कोणाला दिसतो? पण ललिताला तो दिसला होता. कारण स्टिक फिरवून झाल्याबरोबर ऋतिकाने मान वर केली आणि आकाशात पाहिलं. झेंड्याच्या दिशेने, चेंडू कुठवर गेला ते शोधत, डोळ्यांवर हात धरून. क्षणभरच. मग तिने खाली पाहिलं, चेंडू तिथेच होता, आणि तिचा चेहरा असा झाला की ललिताला रस्त्यावरून धावत जाऊन तिला जवळ घ्यावंसं वाटलं. सराव करणारं माणूस चेंडू आभाळात शोधत नाही. मांडवात एवढं एक वाक्य बोलायचं होतं. तो फटका धरला असता तर दोघींची बरोबरी झाली असती, दोघींनी आणखी एक होल खेळला असता, आणि राज्याच्या संघातली उरलेली एक जागा त्यावर ठरली असती. कदाचित ऋतिकाच जिंकली असती. पूर्वा काही ती जागा मागत नव्हती. ती सहाचा आकडा मागत होती.

परत जाताना चौघं एकाच गाडीत होते, कारण आले होते एकाच गाडीतून. गाडी ऋतिकाच्या वडिलांची, बजरंग तुप्यांची. त्यांचं गाव महापालिकेत आलं तेव्हा शेतं गेली आणि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या काही त्यांनी स्वतःच बांधल्या. मुलीला गोल्फ कशाला, असं भाऊबंद म्हणाले तेव्हा त्यांनी उत्तर दिलं होतं, ‘एवढं रान मोकळं राह्यलंय गावात, त्यात कोणी तरी आपलं खेळाया नको?’ पूर्वाने उन्हाळी शिबिरात पहिल्यांदा स्टिक धरली आणि शिबिराचे शिक्षक म्हणाले की ही मुलगी सोडू नका, तेव्हापासून दर रविवारी ही गाडी येरवड्याला ललिताच्या सोसायटीखाली उभी राहत होती. मैदानावरच्या पहिल्या दिवशी चहाच्या टेबलावर एका बाईने विचारलं होतं, ‘ओव्हाळ म्हणजे नेमके कुठले हो तुम्ही?’ ललिताने सांगितलं, आणि त्यानंतर ती बाई फक्त हवामानाबद्दल बोलत राहिली. बजरंगनेही आडनाव विचारलं होतं. ऐकलं, मान हलवली आणि पुढच्या रविवारी गाडी घेऊन हजर. यात उपकार कसला, हे ललिताला कळत होतं. माणसाने माणसासारखं वागणं एवढंच ते होतं. तरी गाडीचं दार उघडून आत बसताना दर वेळी तिच्या पाठीचा कणा थोडा मऊ व्हायचा, ती जरा जास्त हसायची, खाली उतरताना पायपुसणं नीट करायची.

‘पोरी हायत, भांडत्याल,’ बजरंग आरशात बघत म्हणाला. ‘उद्या परत गळ्यात गळा. काय गं पूर्वा? रस पिऊ या का?’ पूर्वा म्हणाली, ‘नको काका.’ आवाज नेहमीचाच होता. त्याने तरी गाडी थांबवली, चार ग्लास मागवले. रस कोमट होता आणि आल्याचा तिखटपणा घशात राहिला. ‘ताई, तुमच्यावानी सरळ माणूस नाय,’ तो म्हणाला. ‘दुसरी आई असती तर आपल्या पोरीकडनं बोलली असती. तुम्ही जे व्हतं ते सांगितलं.’ ललिताने ग्लास तोंडाला लावला. ऋतिका मागच्या सीटवर कानांत इअरफोन घालून बसली होती, पण फोनचा पडदा काळा होता. येरवड्याला उतरताना पूर्वा बॅग घेऊन पुढे गेली आणि ललिता दार लावायला वळली तेव्हा ऋतिका खिडकीतून हळूच म्हणाली, ‘थँक यू, काकू.’ ललिता जिना चढू लागली. ऋतिकाला माहीत होतं. आपण पाहिलं हे तिला माहीत होतं, आपण खोटं बोललो हे माहीत होतं, आणि तिने पावती दिली होती.

ललिताचे वडील, भीमराव, खडकीच्या कारखान्यात कामाला होते. तिला लहानपणी त्यांच्याबरोबर रॉकेलच्या रांगेत उभं राहणं आवडायचं, कारण तिथे त्यांचं बोट धरायला मिळायचं. घरी ते बोट कधी रिकामं नसायचं. एकदा रांग पुढे सरकत असताना एक गृहस्थ कडेने आले, दुकानदाराशी दोन शब्द बोलले आणि त्यांचा डबा पुढे गेला. भीमराव मोठ्याने म्हणाले, ‘हे माझ्या आधी नव्हते.’ शिवी नाही, काही नाही. सगळी रांग वळून बघायला लागली, त्या गृहस्थाकडे नाही, भीमरावांकडे. कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, ‘यांचं सुरू झालं.’ आणि ललिताने त्यांचं बोट सोडलं. ती दोन पावलं मागे सरकून भिंतीवरची जाहिरात वाचायला लागली, जणू कोणा दुसऱ्याच्याच बरोबर आलेली. भीमरावांनी खाली पाहिलं, रिकाम्या हाताकडे, मग दुकानदाराकडे पाहून तेच वाक्य पुन्हा म्हणाले, तितक्याच मोठ्याने. पुढे ती शिकली, परीक्षा देत शिक्षण खात्यात अधिकारी झाली, आणि तिने नियम पाळायची एक पद्धत बसवली. स्वतः इतकं काटेकोर राहायचं की बोट दाखवायला कोणाला जागा उरू नये, पण दुसऱ्याकडे आपणही बोट दाखवायचं नाही. तिच्यासमोर कॉपीची प्रकरणं येत. मुलं रडत, पर्यवेक्षक खाली बघत सांगत, ‘मॅडम, माझं लक्ष नव्हतं.’ हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाला तो खोटं बोलतोय हे किती स्वच्छ माहीत असतं, याची तिला टेबलाच्या या बाजूने कधी कल्पना आली नव्हती. तिला वाटायचं, खोटं बोलताना आत काहीतरी अंधारतं. तसं काही होत नाही. उलट सगळं लख्ख दिसतं. करवंदीची पानं, डोळ्यांवरचा हात, कर्नलांच्या पेन्सिलीचं टोक.

घरात तिच्या नवऱ्याने, राकेशने, वरणभात लावला होता. त्याने निकाल विचारला, पूर्वाने सांगितला. एका फटक्याने गेलं. ‘अरेरे,’ राकेश म्हणाला. ‘पुढच्या वर्षी बघू. खेळ आहे शेवटी.’ पूर्वा जेवली. भात पुन्हा घेतला, ताट धुतलं, आंघोळीला गेली. ती रडली असती, दार आपटलं असतं, तर ललिताला त्याच्याशी काहीतरी करता आलं असतं. तिने राकेशला सगळं सांगितलं तेव्हा तो भांडं पुसता पुसता थांबला. ‘पण तू असं का म्हणालीस?’ त्याला खरंच कळत नव्हतं. त्या गाडीमुळे म्हणावं, तर गाडी बंद झाली असती तर रिक्षा होती. भीतीमुळे म्हणावं, तर भीती कोणाची? त्या चहाच्या टेबलावरच्या बाईची? ‘यांचं सुरू झालं’ हे तिथे कोणी म्हणालं नसतं. फार तर मनात म्हणालं असतं. तर मग आपण त्यांच्या मनातल्या मनातल्या वाक्याला घाबरून पोटच्या मुलीला खोटं पाडलं. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, ती दर पौर्णिमेला पूर्वाच्या शेजारी बसून म्हणायची. अर्थही तिनेच पूर्वाला समजावून दिला होता, ती बालवाडीत असताना.

ती मुलीच्या खोलीत गेली. पूर्वा ओले केस मोकळे सोडून पलंगावर बसली होती. ‘मी पाहिलं होतं,’ ललिता म्हणाली.

‘माहितेय.’

‘कसं?’

‘ती वर बघत होती तेव्हा तूही वर बघितलंस, आई. बॉल शोधायला. मी मागेच होते.’ पूर्वाने टॉवेलने केसांची टोकं पिळली. ‘मला वाटलं, बरं झालं, तू आहेस.’

ललिताने तिथेच, तिच्यासमोर, कर्नलांना फोन लावला. तिला वाटत होतं की सांगून टाकलं की संपेल. कर्नलांनी मध्ये एकदाही न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘मॅडम, मांडवात सांगितलं असतंत तर एक फटका वाढला असता. मुलींनी आणखी एक होल खेळला असता आणि आपण सगळे चहाला गेलो असतो. आता त्या मुलीने कार्डावर सही केलीय, निकाल लागलाय. जाणूनबुजून कमी आकडा दिला असं ठरलं तर एक फटका वाढवून भागत नाही. ती बाद होते. स्पर्धेतूनच. तुम्हाला तसं लेखी द्यायचंय का?’

‘आणि मी?’ ललिताने विचारलं. ‘मी खोटं सांगितलं, त्याचं काय?’

‘तुमचं? तुम्ही खेळाडू नाही, मॅडम. तुम्हाला आमचा कुठलाच नियम लागू होत नाही.’

फोन स्पीकरवर होता. पूर्वाने सगळं ऐकलं होतं. ‘बाद?’ ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. ‘मला तिला बाद नव्हतं करायचं. मला फक्त सहा लिहायचं होतं.’ मग ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, आणि ललिताने तिच्या पाठीवर हात ठेवला तर ती पाठ तशीच राहिली, दगडासारखी नाही, नुसती कोणाचीतरी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून ती घरी न येता तुप्यांकडे गेली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. रिक्षात तिला वाटत होतं की आपण माफी मागायला चाललोय, मग वाटलं, माफी कोणाची? ज्या मुलीचा आपण फायदा केला तिची? बंगल्याच्या मागे, पूर्वी गोठा होता तिथे, ऋतिकासाठी जाळी लावली होती. ऋतिका जाळीत चेंडू मारत होती. एकामागून एक, न थांबता, आणि प्रत्येक फटका चुकत होता हे ललितालाही कळत होतं. तिला पाहून ऋतिका थांबली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

‘ऋतिका, काल थँक यू का म्हणालीस?’

ऋतिकाने स्टिक खाली ठेवली. ‘काकू, मी सांगणारच होते,’ ती म्हणाली. ‘आईशप्पथ. होलवर मी पाच म्हणाले ते पटकन तोंडातून गेलं. मग पूर्वा सहा म्हणाली आणि मला मागे फिरताच येईना. पण मांडवात सरांनी विचारलं ना, तेव्हा मी सांगणार होते. मी बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात.’ ती रडायला लागली, लहान मुलांसारखी, तोंड न झाकता. ‘मला वाटलं, काकू मोठ्या आहेत. त्यांना माहीत असेल काय बरोबर आहे ते. म्हणून थँक यू म्हणाले.’

जाळीपलीकडे एका नव्या इमारतीवर मजूर एकमेकांना हाका मारत होते. ललिता तिथल्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसली. काल रात्रभर तिने स्वतःला जे जे म्हटलं होतं, त्यात हे नव्हतं. तिने धरलं होतं की आपण एका मुलीचा शब्द खाली पाडला. आपण दोघींचे पाडले हे तिच्या हिशेबात आलंच नव्हतं. एक क्षण, पंखा मान फिरवतो तेवढा, ही मुलगी दाराशी उभी होती. दार उघडं होतं. आपण घाईघाईने, चांगुलपणाने, ते लावून घेतलं.

‘आता काय करू?’ ऋतिका विचारत होती. ‘आता सांगितलं तर मी बाद. काकू, तुम्ही सांगा ना.’

पुन्हा प्रश्न तिलाच होता. या वेळी जिभेवर काही तयार नव्हतं. ‘मी तुला सांग म्हणणार नाही,’ अखेर ललिता म्हणाली. ‘तो अधिकार मी घालवला. पण मी काय पाहिलं आणि काय बोलले ते मी उद्या सरांना लेखी देणार आहे. तुझ्या आधी द्यायचं की तुझ्या नंतर, ते तू ठरव.’ हेही अर्धं धमकावण्यासारखंच झालं, हे म्हणतानाच तिला कळलं. दुसरं कसं म्हणायचं असतं ते तिला माहीत नव्हतं. ऋतिकाने बाहीने नाक पुसलं. ‘आधी मी,’ ती म्हणाली. ‘पण पप्पांना तुम्ही सांगा.’

बजरंग दिवाणखान्यात होता. त्याने सगळं ऐकलं. मुलीवर तो ओरडला नाही. तिला आत जायला सांगितलं, आणि ती गेल्यावर बराच वेळ गुडघे चोळत बसला. ‘ताई, मांडवात बोलला असता तर मी चार दिस फुगलो असतो,’ तो म्हणाला. ‘पाचव्या दिशी गाडी घेऊन आलोच असतो. तुम्हाला काय वाटलं, मी गाडीचं भाडं लावलं व्हतं तुम्हाला?’ बजरंगने मान हलवली. ‘एवढंच वळखलं व्हय मला,’ तो म्हणाला, आणि चहा न विचारता उठला. या घरात असं कधी झालं नव्हतं.

कर्नलांच्या खोलीत ऋतिका एकटी आत गेली. ललिता नि बजरंग बाकावर, मध्ये एक माणूस बसेल इतकी जागा ठेवून. दार अर्धवट लोटलेलं होतं. ‘तो फटका होता, सर. मी मारायलाच फिरवली होती.’ कर्नलांनी दोनच प्रश्न विचारले. मग ते उभे राहिले, टेबलावरून पुढे झाले, तिच्याशी हात मिळवला, आणि तिला बाद केलं. ललिताचा कागद त्यांनी वाचला, घडी घातली, ‘आभारी आहे,’ म्हणाले, वर पाहिलं नाही.

जागा पूर्वाला मिळाली. ती नाही म्हणेल असं ललिताला वाटलं होतं, मनातून कुठेतरी तशी आशाही होती, म्हणजे गोष्टीला काहीतरी आकार आला असता. पूर्वा नाही म्हणाली नाही. ‘कार्डाप्रमाणे माझीच आहे,’ एवढंच बोलली आणि सरावाला लागली. रविवारी राकेश तिला स्कूटरवरून सोडायला जायचा. आई नको, असं ती कधी म्हणाली नाही. फक्त निघताना बाबांना हाक मारायची. ललिताशी ती बोलायची, हसायचीही, डबा आवडला तर सांगायची. पण बोलता बोलता एखाद्या ठिकाणी ती थांबायची, अंदाज घेतल्यासारखी, आणि विषय दुसरीकडे न्यायची. ललिताला ती जागा दर वेळी कळायची. तिथे पूर्वी काहीच नव्हतं, मोकळं होतं.

संघ चंदीगडला निघाला त्या दुपारी राकेशला सुटी मिळाली नाही, म्हणून स्टेशनवर ललिता गेली. फलाटावर इतर मुलींचे पालक फोटो काढत होते. पूर्वाने बॅग बर्थखाली सरकवली आणि खिडकीशी येऊन बसली. तिच्या हातात फोन होता. ती काहीतरी वाचत होती आणि वाचताना तिच्या चेहऱ्यावर अशी एक हालचाल झाली की ललिता पुढे सरकली.

‘कोणाचा मेसेज?’

‘ऋतिकाचा.’

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद आहे असं ललिता धरून चालली होती. ‘काय म्हणतेय?’ तिने विचारलं.

पूर्वाने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. ती चिडली नव्हती. तिने आईकडे नीट पाहिलं, बऱ्याच दिवसांनी, जवळजवळ मायेने.

‘ते मी तुला नाही सांगणार, आई,’ ती म्हणाली.

गाडी हलली. बाकीच्या आया खिडक्यांबरोबर चालू लागल्या, सूचना देत, हात हलवत. ललिताही चार पावलं चालली, मग थांबली. पूर्वाने हात हलवला, आणि गाडी फलाटाबाहेर पडायच्या आतच मान खाली घालून उत्तर लिहायला लागली.